उद्या बघू, आत ठेव

तुकईथडला फ्रिज स्वयंपाकघरात कमी आणि पुढच्या खोलीत जास्त सापडतो. कारण सरळ आहे. स्वयंपाकघरात ठेवला तर तो फक्त घरच्यांना दिसतो, आणि एवढे हप्ते फक्त घरच्यांनी बघावं म्हणून कोणी भरत नाही. म्हणून तो दिवाणाच्या शेजारी, लग्नाच्या फोटोखाली उभा असतो. डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं, फुलांमागे लाईटबिलं, गेल्या लगीनसराईतल्या पत्रिका, विहिरीवरच्या मोटारीचा जळका फ्यूज आणि ‘इथंच कुठंतरी ठेवली होती’ या सदरात मोडणारी घरातली प्रत्येक वस्तू. दारावरची पातळ प्लास्टिकची फिल्म कंपनीनं वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली असते. आमच्याकडे ती नातवंडं होईपर्यंत निघत नाही.

हौस समजण्यासारखी आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या या टोकाला, पुढे मेळघाटाचे डोंगर आणि मागे तापीचं खोरं अशा जागी, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी धावायची त्या काळात लग्नाला बर्फाची लादी लागली तर ती शहरातून लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून यायची, आणि मांडवात पोचेपर्यंत तिचं वजन वधूपित्याच्या वजनापेक्षा जलद घटायचं. त्याच्याही मागे जायचं तर अकबर बादशहापर्यंत जाता येतं. त्यानं १६०१ मध्ये आमच्याच जिल्ह्यातला असीरगड घेतला. त्याच्या दरबारी पाणी गार करायला सोरा वापरत, अशी नोंद अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. बादशहाला ज्यासाठी नोकरांचा ताफा लागायचा, ते गार पाणी आज घरातलं शेंडेफळ फ्रिजचं दार उघडं टाकून, बाटलीला तोंड लावून पितं आणि रिकामी बाटली परत आत ठेवतं. लोकशाही आली ती अशी.

गोदरेजनं भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ मध्ये. एवढ्या वर्षांत फ्रिज घरोघरी पोचला, पण त्याच्याबद्दलचा एक गैरसमज त्याच्याही आधी येऊन बसला होता. तो असा, की फ्रिज थंडी तयार करतो. फ्रिज असलं काही करत नाही. तो आतली उष्णता उपसतो आणि बाहेर फेकतो. आतल्या डाळीची, दुधाची, कालच्या पिठल्याची ऊब मागच्या काळ्या जाळीतून खोलीत येते. मे महिन्याच्या दुपारी दार उघडून समोर उभी राहणारी पोरं खोली गार करत नसतात. फ्रिज तेवढाच जास्त राबतो आणि जेवढी ऊब आत ओढतो, त्यात स्वतःच्या मोटारीची भर घालून मागून परत देतो. पोरांचं पोट गार, पाठ गरम आणि बिल वेगळं.

ही ऊब बाहेर जायला जागा लागते. कंपन्या सांगतात, भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटर, म्हणजे पाच-सहा बोटं अंतर ठेवा. पण आमच्याकडे वस्तू भिंतीला टेकल्याशिवाय ‘लागली’ असं वाटत नाही. शिवाय एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला धान्याची कोठी, वरून कव्हर. जाळीवर कपाशीचा भुरा आणि सोयाबीनच्या मळणीची धूळ बसून तिची गोधडी झालेली. मग फ्रिज रात्रंदिवस घरघरतो आणि आपण म्हणतो, ‘आजकालच्या मालात दम नाही.’ दोन-तीन महिन्यांतून एकदा प्लग काढून, मऊ ब्रशनं जाळी झाडली तर दम परत येतो. नव्या फ्रिजना मागे जाळीच नसते, नळ्या बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात. त्यामुळे नवा फ्रिज आणला की तिसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन जातो, ‘भैया, फ्रिज बाजू से गरम हो रहा है।’ दुकानदार म्हणतो, ‘दीदी, वो तो होगाच।’ दोघंही बरोबर असतात, म्हणून बोलणं बराच वेळ चालतं.

नंबरच्या चकतीबद्दल तर घरोघरी दोन पक्ष आहेत. चकतीवर १ ते ५ किंवा १ ते ७ आकडे असतात. आबांचा पक्ष म्हणतो, हे आकडे म्हणजे डिग्री, तेव्हा उन्हाळ्यात १ वर ठेवा, सगळ्यात गार. वहिनीचा पक्ष म्हणतो, आकडा वाढला की थंडी वाढते. साधारणपणे वहिनी बरोबर असते, पण ती हे आबांना तोंडावर सांगत नाही. आबा देवळात गेले की ती आकडा ५ वर नेते, आबा आले की पाणी पिताना म्हणतात, ‘बघ, १ वर केल्यावर कसं गार झालं.’ आतल्या चकतीला काही मत नसतं. तिला फक्त जास्त किंवा कमी कळतं. खरं उत्तर थर्मामीटर देतो. पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या फळीवर ठेवला, तर ५ अंश किंवा त्याखाली दिसायला हवं, आणि फ्रीजरमध्ये उणे १८. शेजारच्या काकूंनी हे ऐकून घरातला तापाचा थर्मामीटर आत ठेवला. तो ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही. फ्रिजला ताप नाही, एवढं निदान मात्र पक्कं झालं.

शिस्तीचा फ्रिज बघायचा असेल तर लसी ठेवणाऱ्या सरकारी आरोग्य केंद्रात जावं. तिथल्या लसीच्या फ्रिजचं झाकण वरून उघडतं. थंड हवा जड असते, वरून उघडल्यावर ती आतच राहते. आपल्या उभ्या दाराच्या फ्रिजमधून ती पायांवर ओघळून जाते. आत तापमान २ ते ८ अंश हवं, आणि सकाळ-संध्याकाळ ते वहीत लिहायचं. आत खाण्यापिण्याची वस्तू ठेवायची नाही, असा नियम. अशी वही घरच्या फ्रिजला लावली तर काय होईल, याची कल्पना करा. ‘सकाळ: ६ अंश. संध्याकाळ: १३ अंश. शेरा: पाहुणे आले होते, दार उघडं ठेवून सर्वांना फ्रिज दाखवण्यात आला.’

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. फ्रिजमध्ये काय असतं? दूध, दही, भाजी, असं शाळेच्या पुस्तकात. घरच्या फ्रिजमध्ये डबे असतात. स्टीलचे, झाकण घट्ट बसलेले, आत काय ते न सांगणारे. एकात दोन चमचे वरण. एकात बट्टीचा चुरा. एकात लग्नघरून आलेली बुंदी. लग्न कोणाचं ते आता वधूवरांनाच आठवत असेल. एक अर्धं लिंबू, सुकून खडा झालेलं, पण अजून ‘अर्धं लिंबू’ म्हणूनच मोजलं जाणारं. एक काळी पडलेली कणीक. बुऱ्हाणपुराहून आणलेल्या मावा जिलेबीचा शेवटचा वेढा, जो प्रत्येकानं दुसऱ्यासाठी सोडला आणि म्हणून कोणीच खाल्ला नाही. हे सगळं आत गेलं ते एकाच वाक्यानं: ‘उद्या बघू, आत ठेव.’

फ्रिजचा खरा उपयोग इथं कळतो. पूर्वी उरलेल्या अन्नाचा निकाल त्याच रात्री लागायचा. खा, वाटा, नाहीतर गोठ्यात. फ्रिज आला आणि घराला एक सरकारी कचेरी मिळाली. कुठल्याही डब्यावर ‘प्रलंबित’ असा शेरा मारता येऊ लागला. टाकवत नाही, कारण अन्न आहे. खाववत नाही, कारण कालचं आहे. मधला मार्ग म्हणजे मधली फळी.

गंमत अशी की जंतूंच्या बाबतीत फ्रिज नेमकं हेच करतो. थंडीनं ते मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतचा टप्पा त्यांच्या भरभराटीचा. त्याच्या खाली त्यांचं काम संथ होतं, बंद होत नाही. लिस्टेरियासारखे काही तर थंडीतही चिकाटीनं वाढत राहतात. म्हणजे डब्यातली तारीख पुढे ढकलली जाते, रद्द होत नाही. शिजवलेलं अन्न नीट थंड फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चालतं असं म्हणतात. आमच्याकडे दुपारची लाईट आणि दिवसभराची दारउघड लक्षात घेता दुसऱ्या दिवशी संपवलेलं बरं.

‘गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये’ हा नियम मात्र सगळ्यांना पाठ आहे, इतका की भाताचं पातेलं रात्रभर ओट्यावर निवत राहतं. नियम अर्धाच लक्षात राहिला. वाफाळतं भांडं आत नको हे खरं, पण दोन तासांच्या आत अन्न थंडीत जायला हवं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. मे महिन्यात आमचा ओटाच चाळिशीला टेकलेला असतो. त्यावर निवणारा भात निवत नाही, मुरतो. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, उबेत वाढतात आणि असं विष सोडतात की सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते जात नाही. फोडणीचा भात हा आपला राष्ट्रीय नाश्ता आहे, तो टिकावा म्हणून सांगतो: भात परातीत पसरा, वाफ गेली की लहान डब्यांत भरा आणि आत सरकवा.

आत सरकवायचं कुठे, यातही शास्त्र आहे. दार म्हणजे फ्रिजची सगळ्यात उबदार जागा, कारण उघडलं की पहिली झळ त्यालाच. आणि बाटल्यांची, अंड्यांची खास खोबणी कंपनीनं नेमकी दारातच दिली आहे. दुधाचं पातेलं आतल्या फळीवर, तेही झाकून. कच्चं मांस-मासळी बंद डब्यात आणि सर्वांत खाली, म्हणजे पाणी गळलं तरी कोणाच्या श्रीखंडात पडणार नाही. दारात चटण्या, लोणची आणि पाणी राहू द्या. त्यांना कशाचंच वाईट वाटत नाही.

काही वस्तूंना फ्रिजचा अपमान वाटतो. पैकी पहिलं केळ. आमचा जिल्हाच केळीचा. इथला पोरगाही सांगेल की १३ अंशांच्या खाली केळीला थंडी बाधते, साल काळी पडते, पिकणं बिघडतं. पिकवण्याच्या खोल्यांतसुद्धा तापमान त्याच्या वर ठेवतात. म्हणून शहरातले जावई सुट्टीत येतात आणि कौतुकानं घडच्या घड फ्रिजमध्ये कोंबतात, तेव्हा सासरे काही बोलत नाहीत, फक्त सासूकडे बघतात. दुसऱ्या दिवशी काळी साल बघून जावई म्हणतात, ‘माल हलका दिसतो.’ तेव्हाही सासरे बोलत नाहीत. मुलगी नांदायची असते. बटाट्याचंही तसंच. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तळताना काप बाहेरून काळपट आणि आतून गोडसर. कांदा-लसूण टोपलीत, ब्रेड बाहेर. फ्रिजमध्ये ब्रेड उलट लवकर शिळा होतो.

लाईट गेली की घराचं खरं शिक्षण दिसतं. वादळ आलं, तारा तुटल्या, गाव अंधारात. बंद फ्रिज साधारण चार तास आपली थंडी धरून ठेवतो, अट एकच, दार उघडायचं नाही. पण लाईट गेल्या गेल्या घरातला प्रत्येक जण फ्रिज गार आहे का, हे बघायला दार उघडून बघतो. आधी आबा, मग आई, मग शेंडेफळ, मग ‘मी नाही बघितलं’ म्हणणारा पाहुणा. तासाभरात तो गार नाही, याची सगळ्यांना खात्री पटते. लाईट आली की उलटी घाई. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणून चांगला स्टॅबिलायझर थोडा थांबून करंट सोडतो. त्याच्या टिकटिकीवर विश्वास नसलेले आबा बटण बंद-चालू, बंद-चालू करून त्याला मदत करतात.

एवढ्या सगळ्यात माठ मात्र कोपऱ्यात मुकाट असतो. माठाला लाईट लागत नाही, नंबर नाही, गॅस नाही. छिद्रांतून पाझरलेलं पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं, आणि निमाडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो असा काही गार होतो की आजी फ्रिजच्या पाण्याला ‘दात दुखवायचं पाणी’ म्हणते. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ सुस्तावतो. तेव्हा आजी काही न बोलता फ्रिजमधली बाटली मागते. प्यायचं पाणी माठाकडे सोपवलं तर उन्हाळ्यात फ्रिजचं दार दिवसातून कितीतरी कमी वेळा उघडेल, पण मग शेजाऱ्यांना बर्फ द्यायला कारण उरणार नाही.

बर्फ हा तर वेगळाच विषय. साध्या एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फ साचत जातो, आणि अर्धा सेंटीमीटर थर झाला की तो काढावा, असं पुस्तकात असतं. आपण तो मेळघाटाच्या उंचीचा झाल्याशिवाय हात लावत नाही. मग ट्रे चिकटतो, दार लागत नाही, आणि काकू उलथनं घेऊन येतात. बर्फाच्या मागे ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या असतात, त्यातून गॅस फिरतो. एक टोचा, एक बारीक ‘फुस्स’, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक दारात उभा राहून म्हणतो, ‘भाभी, गॅस उड गई।’ त्या चार शब्दांचा दर काकूंना पाठ आहे. बटण बंद करून, दार उघडं ठेवून, आत गरम पाण्याचं भांडं ठेवलं की बर्फ आपोआप सुटतो. पण त्यात काही केल्याचं समाधान नाही.

त्या गॅसचा इतिहास थोर माणसांनी घडवलेला आहे. सुरुवातीच्या फ्रिजांत विषारी वायू असत. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये असा वायू गळून एक कुटुंब दगावल्याची बातमी आइन्स्टाइननं वाचली आणि लिओ झिलार्डला घेऊन हलणारे भागच नसलेला फ्रिज रचला. १९३० मध्ये त्याला अमेरिकेत पेटंटही मिळालं. पुढे बिनविषारी फ्रिऑन आला, तो ओझोनचा थर खातो असं कळलं, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं त्याला निरोप दिला. आज बऱ्याच नव्या घरगुती फ्रिजांत आयसोब्युटेन असतो. ओझोनला निर्धोक, पण ज्वालाग्राही. प्रमाण थोडं असतं, तरी नळी फुटली तर प्लगला किंवा बटणाला हात न लावता खिडक्या उघडाव्यात आणि शेगडी-निरांजन लांब ठेवावं. आइन्स्टाइननं गळतीचा विचार सगळ्या बाजूंनी केला होता. त्याला काकूंच्या उलथन्याची कल्पना नव्हती.

गळती दारातूनही होते. दाराच्या रबरात एक कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर थंडीही तशीच निघते. रबर साबणाच्या पाण्यानं पुसलं, तर बरेचदा नुसत्या चिकट डागांमुळे सुटलेलं दार परत चिकटतं. रबरानं ऐकलं नाही तर नवीन बसवून मिळतं, नवा फ्रिज घ्यायची गरज नसते. घेतलाच, तर स्टारच्या लेबलावरचे तारे मोजण्याआधी खालचा वर्षाचा युनिटांचा आकडा वाचा. १८० लिहिलं असेल तर रोज अर्धं युनिट. हिशोब आबांनाही पटतो. फक्त तो आकडा शांत प्रयोगशाळेतला असतो. तिथं दार उघडून ‘काय आहे खायला?’ असं विचारणारं कोणी नसतं.

हे सारं करूनही डबे राहतातच. म्हणून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी फ्रिज रिकामा करायचा रिवाज पाडावा. ताजी भाजी यायच्या आधी प्रत्येक डबा उघडायचा, वास घ्यायचा आणि तिथल्या तिथं निकाल द्यायचा. शंका आली तर चव घेऊन बघायची नाही, कारण प्रत्येक बिघडलेलं अन्न वास मारतंच असं नाही. आमच्या आजीनं एकदाच फ्रिजमध्ये डोकावून या यंत्राचं पूर्ण परीक्षण केलं होतं. सून म्हणत होती, ‘उद्या बघू, आत ठेवते.’ आजी म्हणाली, ‘खायचं असेल तर आत्ता ताटात घे, नसेल तर आत्ता गाईला घाल. उद्या ती पण नाक मुरडेल.’